मावशीचं अक्षम्य पाप

मी हस्तपत्रिका वाचत वाढले. आईवडील कल्याण स्टेशनबाहेर सुवार्तेच्या पत्रिका वाटायचे, आणि लोकांनी जिन्यात टाकून दिलेल्या पुन्हा उचलून, पुसून घरी आणायचे. चोरी, व्यभिचार, खून, सगळ्यांना त्यांत क्षमा होती. शेवटच्या पानावर मात्र काळ्या चौकटीत एक पाप असायचं: पवित्र आत्म्याविरुद्ध बोलणं. त्याला ना या जगात क्षमा, ना पुढच्या. हे पाप नेमकं घडतं कसं, ते कुठल्याच पत्रिकेत धड लिहिलेलं नसायचं. ते सोयीचंच होतं म्हणा. धमकी मोघम असली की कोणाच्याही गळ्यात अडकवता येते.

माझ्या मावशीच्या गळ्यात ती अडकवली गेली.

मावशी दिव्याला राहते. काकांना साखर होती, रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं. त्यांच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकांनी एका उपासप्रार्थनेत काकांच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर केलं, तुम्ही बरे झालात. आता सुई टोचाल तर तो देवावर अविश्वास. काकांनी सुई सोडली. मंडळीने हालेलुया म्हणत टाळ्या वाजवल्या. काका गेले.

दफनानंतर पाळक घरी आले, खुर्चीत ऐसपैस बसले आणि म्हणाले, "विश्वासात कमी पडले बिचारे." मावशी चहा घेऊन उभी होती.

"गप्प बसा! तुम्ही आणि तुमचा तो आत्मा! माझा माणूस खाल्लात तुम्ही."

त्यांनी कप मात्र घेतला. एक घोट पिऊन म्हणाले, "ताई, हे बोलायला नको होतं. नेमकं याच पापाला क्षमा नाही."

नवरा गमावलेल्या बाईला हे ऐकवायला किती निर्लज्जपणा लागत असेल! आणि मावशीने ते खरं मानलं. प्रभुभोजनाच्या रविवारी भाकरीच्या तुकड्यांचं ताट रांगेतून फिरतं. ते आलं की मावशी तुकडा न घेता खाली मान घालून पुढे सरकवायची. शेजारच्या बायका तिच्यापासून पदर सावरून बसायच्या. नरकाची तिला फारशी भीती नव्हती. ती मला एवढंच विचारायची, "म्हणजे काका तिकडे, मी इकडे. भेट नाहीच ना गं आता?"

मग तिच्या मुलाने तोडगा आणला. तो ठाण्यात नोकरीला लागल्यावर मॉर्मन, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या एका वेगळ्याच पंथाचा, झाला होता. मावशी मेथी निवडत होती, तो पांढऱ्या शर्टात समोर बसून समजावत होता.

"आई, हे पाप तुझ्याकडून होऊच शकत नाही. आमच्यात त्याला पक्कं ज्ञान लागतं. भर दुपारी सूर्य डोळ्यांनी बघायचा आणि वर म्हणायचं, सूर्य नाही. तुला कुठे एवढं ज्ञान मिळालंय?"

"म्हणजे नरकात जायलाही माझं शिक्षण कमी पडलं!"

"तसं नाही गं. आमच्यात स्वर्ग तीन आहेत. बहुतेकांना कुठला ना कुठला मिळतोच."

"वन रूम किचन, वन बीएचके आणि टेरेस फ्लॅट," मी म्हणाले. त्याने माझ्याकडे रागाने पाहिलं. रागावू दे. घोडबंदर रोडवरचे बिल्डरही असंच बोलतात.

मावशीने मेथीची जुडी बाजूला ठेवली. "आणि खून केला तर रे?"

"त्या पापाच्या खालोखाल खूनच. त्याला सहजासहजी माफी नाही."

"आमच्यात आहे. मनापासून पश्चात्ताप केला की खुनीही स्वर्गात." तिने जुडी पुन्हा पुढ्यात ओढली. "म्हणजे सुई सोडायला लावणारा आमच्यात सुटू शकतो, आणि त्याला बोलणारी मी अडकते. वा रे न्याय!"

"म्हणून म्हणतो, आमच्याकडे ये."

"का? मी काय केलंय म्हणून कोर्ट बदलू?"

पाळकांच्या आणि मुलाच्या, दोघांच्याही शास्त्रात पापांची उतरंड चोख रचलेली होती. समोरच्या बाईचं काय करायचं, एवढंच कोणाला ठाऊक नव्हतं.

पुढच्या प्रभुभोजनाला मी तिच्या शेजारी बसले. पाळकांनी तिच्याकडे बघतच इशारा दिला, "ज्यांनी आत्म्याला दुखावलंय, त्यांनी हात लावू नये." ताट आलं. मावशीने तुकडा उचलला.

"ताई, विचार करा."

"केला, साहेब." ती उभी राहिली. "मी आत्म्याला काही बोलले नव्हते. तुम्हाला बोलले होते. तुम्ही स्वतःला तो समजलात, त्याला मी काय करू?"

तिने तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावून खाल्ला. पाळकांनी घाईघाईने गाणं उचललं, ते भलत्याच पट्टीत. बायका कशाबशा मागून गात राहिल्या.

बाहेर आल्यावर मावशीने चपला घातल्या.

"भेटतील ना गं?"

"भेटतील."

"भेटू देत तर. सुई सोडली म्हणून आधी चांगली खरडपट्टी काढणार आहे मी त्यांची."