मामांचे दिवाणजी

ये गं शैला, कागदावरच का होईना, पण जरा जवळ ये. दिवाळीत कुत्र्याचं पिल्लू घरी आणलंस आणि मला कळलं संक्रांतीला, तेही तुझ्या जावेच्या तोंडून! इंदिरानगरला राहायला गेलीस म्हणजे काय विलायतेला गेलीस? रिक्षात बसलं की माझ्या दारात. पण नाही, तुला वेळ नाही. आणि वर निरोप काय पाठवतेस, तर "मावशी, वर्षभर कुत्र्याला जपायचं कसं ते सांग, तुमच्याकडे होतं म्हणे." होतं म्हणे! अगं, कुत्रं निरोगी ठेवण्याची विद्या या पृथ्वीवर एकाच माणसाला पूर्ण अवगत होती, आणि तो माणूस म्हणजे आमचे मामेसासरे. आता त्या विद्येत नेमकं काय होतं ते मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आज या वयातही डोक्यात नीट बसत नाही, ही गोष्ट वेगळी. तरी सांगते. गोंधळ झाला तर तो माझा नाही, मामांचा आहे असं समज.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती सालं. मी नवी सून होऊन नाशकात आले होते. मामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. नाशिक रोडला टिकिट कलेक्टर होते, आणि पेन्शनीत निघाल्यावर आमच्याच शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. नोकरीत इतके कडक की एकदा खुद्द माझे सासरे घाईत बिनतिकिटाचे गाडीत चढले, तर मामांनी त्यांना इगतपुरीला उतरवलं होतं. मेव्हण्याला! सासूबाई ती गोष्ट दर सणाला काढायच्या. तर नोकरीच्या शेवटच्या दिवशी मामा स्टेशनाबाहेर टांग्यात बसले आणि एक तपकिरी गावठी पिल्लू त्यांच्या मागोमाग टांग्यात चढलं. मामांनी त्याला विचारलं, "तिकीट?" पिल्लानं त्यांचा अंगठा चाटला. तेवढ्यावर ते घरी आलं, आणि त्याचं नाव पडलं दिवाणजी.

दिवाणजींना मामा अहो-जाहो करायचे. आम्हाला सगळ्यांना अरे-तुरे, अगं-तुगं, पण कुत्र्याला "अहो दिवाणजी, पाय पुसलेत का?" आमचे हे कोर्टात कारकून, चारचौघांत मान होता त्यांना, पण ते ओट्यावर बसले असले तर मामा म्हणायचे, "ए गोप्या, सरक तिकडे, दिवाणजींना ऊन खायचंय." हे सरकायचे. मग दिवाणजी यायचेच नाहीत. दोघं सरकून बसलेले आणि मधे रिकामी जागा, असं चित्र मी कितीदा पाहिलंय.

आता ती विद्या. मामांचं म्हणणं असं, की रेल्वेला जसं टाइमटेबल तसं शरीराला ऋतूंचं. पंचांगात ऋतू बदलला की दिवाणजींचं सगळं बदलायचं. पाडव्याला चैत्र लागला की कडुलिंब. ग्रीष्मात पोटाला चंदनाचा लेप आणि निजायला भिजवलेल्या वाळ्याची चटई, फिरणं फक्त उजाडायच्या आत, कारण गंगेवरचे, म्हणजे आपल्या गोदावरीच्या घाटावरचे, दगड तापले की पंजे भाजतात. पावसाळ्यात सुंठीचा काढा, आणि बोटांच्या बेचक्यांत करंजेल, म्हणजे गोचीड धरत नाही. शरदात एरंडेल. थंडीत तिळाच्या तेलानं मालिश आणि डिंकाचा लाडू, तो मी करायचा. संक्रांतीला दिवाणजींच्या जिभेवर तिळगूळ ठेवून मामा गंभीरपणे म्हणायचे, "गोड बोला." त्यानंतर दोन-तीन दिवस दिवाणजी खरंच कमी भुंकायचे, तीळ दातात अडकायचे की काय, देव जाणे. निफाडकडचे एक ओळखीचे बागायतदार मामांना द्राक्षांची पाटी पाठवायचे. आम्ही सगळे खायचो, दिवाणजींना एक मणी मिळायचा नाही. "शिशिरात द्राक्ष म्हणजे कफाला आमंत्रण," मामा म्हणायचे. तुझ्या डॉक्टरांनीही कुत्र्याला द्राक्ष देऊ नका असं सांगितलंय म्हणे. त्यांचं कारण निराळं असेल, पण बघ, एका गोष्टीत तरी मामा पास झाले.

घोटाळा व्हायचा तो इथे, की ऋतू पंचांगात बदलायचा आणि हवा आभाळात, आणि दोघांची गाठ पडेलच असं नाही. मी एकदा भीत भीत म्हटलं, "मामा, श्रावण लागला खरा, पण ऊन केवढं पडलंय!" तर म्हणाले, "सूनबाई, गाडी लेट झाली म्हणून कोणी टाइमटेबल बदलत नाही." आणि एका वर्षी तर आषाढ अधिक आला. दोन आषाढ, म्हणजे ग्रीष्म एका महिन्यानं लांबला. बाहेर धो धो पाऊस, गंगेला पूर, नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेलं, आणि आत आमचे दिवाणजी ओल्या वाळ्यावर पोटाला चंदन लावून पडलेले, मामा पंख्यानं वारा घालताहेत, आणि दिवाणजी शिंकताहेत. सासूबाई म्हणाल्या, "अरे बाळ्या, आभाळ फाटलंय बाहेर! त्या मुक्या जिवाला सुंठ दे." मामा म्हणाले, "अक्का, सुंठ श्रावणात." पण शिंका ऐकून तेही मनातून हलले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी आमच्याकडे उपाध्ये आले तेव्हा मामांनी त्यांना गाठलं. "अधिक महिन्यात नवीन काही सुरू करू नये म्हणतात. मग सुंठीचा काढा हे नवीन काम धरायचं, की चालू?" उपाध्ये बिचारे गोंधळले. काहीतरी विचारायला हवं म्हणून त्यांनी विचारलं, "घेणाऱ्याचं गोत्र कोणतं?" मामा क्षणभरही थांबले नाहीत. "माझंच की," म्हणाले.

शेवटी सासूबाईंनी दुधातून गुपचूप सुंठ घातली. दिवाणजी बरे झाले. मामांनी श्रेय वाळ्याला दिलं.

आता रंगपंचमीचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे. तू जन्माची नाशिककर, तुला रहाड ठाऊक आहे. पण तुझ्या नवऱ्याला वाचून दाखवशील म्हणून सांगते. चौकाखाली दगडी हौद, वर्षभर झाकलेला. रंगपंचमीला उघडायचा, फुलं उकळून केलेल्या रंगानं भरायचा, आणि मग माणसांनी त्यात धप्पकन उड्या घ्यायच्या. एकेका रहाडीचा रंग ठरलेला. आमच्या चौकातली पिवळी, गंगेपलीकडे पंचवटीतली गुलाबी. एकदा अंगावर चढला की तो रंग साबणाला दाद देत नाही. मामा त्या दिवशी दिवाणजींना घरात कोंडून घ्यायचे. ढोल-ताशांचा त्रास नको म्हणून त्यांच्या कानांत कापसाचे बोळे, आणि त्यांना एकट्यांना वाईट वाटू नये म्हणून स्वतःच्याही कानांत बोळे. आणि त्या वर्षी गळ्यातला पट्टाही काढून खुंटीला लावला, कारण त्यावर कुत्र्याचा सरकारी बिल्ला होता. "रंग बसला आणि नंबर वाचता आला नाही तर उद्या कोण जबाबदार?"

दूधवालीनं दार ढकललं, आणि दिवाणजी तिच्या पायांमधून निसटले. आम्ही सगळ्यांनी आरडाओरडा केला. मामा पाठमोरे पंचांग बघत बसले होते, कानांत कापूस. त्यांना कळलं तेव्हा दिवाणजी गर्दीत दिसेनासे झाले होते.

काय सांगू तुला, तो माणूस पांढऱ्या धोतरात त्या रंगात शिरला. "अहो दिवाणजी! अहो दिवाणजी!" लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा कोणी मोठा माणूस हरवलाय. काहींनी आदरानं वाट करून दिली, काहींनी उचलून त्यांनाच रहाडीत टाकलं. पिवळे धम्मक होऊन निथळत घरी आले आणि ओट्यावर बसले. ऊन वाढायला लागलं की मोकाट कुत्री धरायची गाडी गावात फिरायची. गळ्यात बिल्ला नसलेलं कुत्रं एकदा तिच्यात गेलं की परत येत नसे. आणि बिल्ला तर खुंटीला.

दिवेलागणीला कादरभाई टांगेवाले आले. मामांना स्टेशनावर नेण्या-आणण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांच्या टांग्यात एक कुत्रं, नखशिखान्त गुलाबी. "मामासाब, पंचवटीत सापडले. अपने दिवाणजीच आहेत, बघा." मामांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. चण तीच, कान तसेच, शेपूट तशीच वळलेली. मामा रोज दिवाणजींना पंचवटीकडेच फिरायला न्यायचे, तेव्हा तिकडे पळाले असतील हेही पटण्यासारखं. पण एरंडेलाची बाटली दाखवली तर ते कुत्रं शेपूट हलवत बाटली चाटायला लागलं! आमचे दिवाणजी ती बाटली बघून कोठीमागे लपायचे. मामा म्हणाले, "रंग खेळून माणसाची बुद्धी फिरते, मग ह्यांची का नाही?" आणि खुंटीवरचा बिल्ल्याचा पट्टा त्यांनी त्याच्या गळ्यात घातला.

आणि सकाळी मी सडा घालायला दार उघडते तो काय, ओट्यावर दुसरं कुत्रं बसलेलं. पिवळं!

मग जो घोटाळा माजला तो विचारू नकोस. "अहो दिवाणजी" म्हटलं की दोघंही उठायचे. सासूबाईंचं मत, पिवळे खरे, आपल्याच चौकातल्या रहाडीत पडलेत. ह्यांचं मत, गुलाबी खरे, त्यांचं बघणं कारकुनासारखं आहे. मी सकाळी पिवळ्यांच्या बाजूची असायचे आणि स्वयंपाक होईस्तोवर गुलाबींच्या. डिंकाचा लाडू दोघांनी खाल्ला, कडुलिंबाला दोघांनी तोंड वाकडं केलं. रंग उतरला की कळेल म्हणून आम्ही धीर धरला, तर तो रंग उतरेचना. मामांना विचारलं की म्हणायचे, "बघतोय." पण दोघांचं सगळं सारखं करायचे. दोन वाट्या, दोन चटया.

आणि रंग अंगावर असतानाच एका दुपारी ती गाडी आमच्या दाराशी येऊन उभी राहिली. गाडीवाला काही वाईट नव्हता, पण काम ते काम. त्यानं ओट्यावर बघितलं. "बाबा, ही कुत्री तुमचीच का?"

"आमचे आहेत," मामा म्हणाले.

"दोनी?"

"दोन्ही."

"बिल्ला तर येकाच्याच गळ्यात हाय. गुलाबीच्या. मंग पिवळं गाडीत घालावं लागंल. येका बिल्ल्याला येक कुत्रं, असा हुकूम हाय."

आम्ही सगळे मामांकडे बघायला लागलो. शैला, जन्मभर ज्यानं बिनतिकिटाचा माणूस सोडला नाही, त्याच्यापुढे बिनतिकिटाचं कुत्रं उभं होतं, आणि नियम त्याच्या तोंडावर दुसरा कोणी सांगत होता. वाटलं, हे आता "हुकूम म्हणजे हुकूम" म्हणणार. मामा उठले. आत गेले. ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात त्यांच्या नोकरीतल्या टोपीवरचा पितळी बिल्ला होता, चिंचेनं घासून लखलखीत ठेवलेला. पिवळ्यांच्या गळ्यात त्यांनी तो सुतळीनं बांधला, गाठीवर आणखी एक गाठ मारली, आणि गाडीवाल्याला म्हणाले, "हा बघ. सरकारी आहे."

त्यानं तो उलटसुलट करून पाहिला. "ह्याच्यावर तर इंग्रजी हाय बाबा."

"मग सरकार कोणाचं आहे?" मामा म्हणाले.

गाडीवाल्यानं एकदा बिल्ल्याकडे बघितलं, एकदा सुतळीच्या गाठींकडे, आणि एकदा त्या पिवळ्या कुत्र्याकडे, जे त्याचाच पाय हुंगत होतं. मग हसला. "बरं हाय. जपा बाबा. लय ऊन पडतंय." आणि गेला.

गाडी वळणाआड गेल्यावर सासूबाईंना कंठ फुटला. "बाळ्या, माझ्या नवऱ्याला इगतपुरीला उतरवलंस आणि कुत्र्याला पास दिलास!" मामा खाली बघून म्हणाले, "अक्का, मेव्हण्यांना मागून दुसरी गाडी होती."

उन्हाळा संपता संपता रंग उतरला. आणि उतरून काय कळलं? काही नाही! दोघंही तपकिरी, दोघंही गावठी, दोघंही आळशी. आमच्या घरातला तो वाद कधी मिटलाच नाही. दोघं खूप वर्षं जगले, सगळे ऋतू वेळेवर नाहीतर अवेळी सोसून. एक पौषात गेला. त्यानंतर दुसऱ्यालाही मामांनी फार दिवस राखलं, पण तोही शेवटी गेला. दोन्ही वेळा मामांनी त्याची चटई सारखीच गुंडाळून ट्रंकेत ठेवली.

दुसरा गेल्यावर एकदा मी मालिशच्या तेलाची वाटी घासत होते आणि न राहवून विचारलं, "मामा, आता तरी सांगा, आपला खरा कुठला होता?"

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं," ते म्हणाले.

"अहो मग सांगितलं का नाही? आम्ही इतकी वर्षं भांडलो!"

"दुसऱ्याला ऐकू गेलं असतं," मामा म्हणाले, आणि पंचांगाचं पान उलटलं.

नंतर त्यांनी मला कधीच सांगितलं नाही, आणि पुढे विचारायला मामा राहिले नाहीत. मी अजून कधी दुपारी पडल्या पडल्या विचार करते, पिवळा की गुलाबी? सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं.

तो पितळी बिल्ला माझ्याकडेच आहे गं. परवा पितांबरीनं घासला, अजून लखलखतो. तुझ्या त्या पिल्लाला घेऊन ये रंगपंचमीच्या आत, मी कापसाचे बोळे करून ठेवते. उगाच आज येते, उद्या येते करू नकोस, शैला. लवकर ये.