पाचव्या पिंपाची साय

झुल्मा दे रिकची जीभ मेली, ही बातमी ईस्टरच्या आठवड्यात गावभर झाली. बेकरीवाल्या रोझेटने ती पावाबरोबर फुकट वाटली.

"अगं, या डोळ्यांनी पाहिलंय! भाताची खीर, आणि चक्क मिठाची! सगळ्यांनी चमचे खाली ठेवले, आणि हिचा आपला वाडगा चाटूनपुसून रिकामा. वर म्हणते कशी, अजून आहे का? एकाहत्तर वर्षं झाली. आता कसली चव नि कसलं काय!"

खीर मिठाची होती, हे खरं. वाडगा रिकामा झाला, हेही खरं. पण ती खीर केली होती लीझलोटने, झुल्माच्या भाच्याशी लग्न ठरलेल्या मुलीने. सगळ्या गोतावळ्यासमोर तिची ती पहिलीच खेप. केशर घातलेली, वर तपकिरी साखर भुरभुरलेली, दिसायला देखणी खीर. पहिला चमचा तोंडात गेला तेव्हाच झुल्माला कळलं की पोरीने साखरेऐवजी मिठाचा डबा उचलला. तिने मान वर केली, तर लीझलोटचे कान लालबुंद आणि हनुवटी थरथरतेय. मग झुल्माने खाल्ली. सगळी खाल्ली. नंतर घरी जाऊन तांब्याभर पाणी प्यायली ते कोणी पाहिलं नाही.

खुलासा एका वाक्यात झाला असता. पण लीझलोट तोवर ज्याला त्याला सांगत सुटली होती, "मावशींना मात्र आवडली हं!" पोरीचा तेवढाच एक आधार. तो कसा काढून घ्यायचा? झुल्मा गप्प बसली.

गप्प बसणं दुसऱ्या कुणाला परवडलं असतं. झुल्माची जीभ म्हणजे तिची नोकरी. पंचविसाव्या वर्षी ती औदेनार्दजवळच्या या लहानशा बिअरच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायला आली. त्याच वर्षी जुना चाखणारा सर्दीने आडवा झाला, तेव्हा मालक फिर्मिनने सहज म्हणून तिच्या हातात पेला दिला. त्यानंतर जुन्या चाखणाऱ्याला सर्दी झाली काय आणि न झाली काय, कोणी विचारलं नाही. गेली शेहेचाळीस वर्षं तळघरातलं प्रत्येक ओकचं पिंप तिच्या शब्दावर चालत आलंय. कोणतं अजून वर्षभर झोपू द्यायचं, कोणतं कशात मिसळायचं, कोणत्यात आंबट चेऱ्या टाकायच्या, सगळं ती सांगणार.

आता कारखाना फिर्मिनच्या मुलाकडे आहे. योरिस माणूस वाईट नाही. फक्त घाबरला की तो प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतो.

"मावशी, बस. बस ना. कागद आलाय. गेंटहून कागद आलाय."

"कसला?"

"प्रयोगशाळेचा. पाचव्या पिंपाचं व्हिनेगर झालंय. म्हणजे, व्हिनेगरच झालंय. ओतून टाकायला लागेल."

पाचवं म्हणजे चेरीचं पिंप. दोन वर्षांची काळी बिअर, आणि गेल्या ऑगस्टपासून तिच्यात बियांसकट चेऱ्या.

"आणि मी?" झुल्माने विचारलं.

योरिसने खिडकीबाहेर पाहिलं. "तू जरा आराम कर. जरा आराम."

कोपऱ्यात फिर्मिन बसला होता. जगातली कुठलीही गोष्ट त्याला आपल्या शर्यतीच्या कबुतरांवरून कळते. "माझ्या निळ्या मादीला सगळे म्हातारी म्हणत होते," तो म्हणाला. "ऑर्लेआंहून उडत सगळ्यांत पहिली आली."

"बाबा, प्लीज. प्लीज."

"पोरा," झुल्मा म्हणाली, "आधी चव, मग कागद."

हे योरिसला अपेक्षित असावं, कारण तीन पेले त्याने भरूनच ठेवले होते. कुठला कुठल्या पिंपातला ते न सांगता तिला ओळखायला लावायचं. ओळखलं तर नोकरीचं पुढे बोलू, म्हणाला. पुढे बोलू.

झुल्माने नेहमीसारखा शिळ्या पावाचा तुकडा चावला, कोमट पाण्याने चूळ भरली. पहिला पेला. "दोन नंबर. पोरकट आहे, नुसतं बडबडतंय." दुसरा. "सात. खोगिराचा वास मारतो म्हाताऱ्याला, पण स्वभावाने गोड." योरिसने वहीत दोन खुणा केल्या. दोन्ही बरोबर होत्या.

तिसरा पेला तिने उजेडात धरला. गडद तपकिरी, कडेला लाल झाक. घोट घेतला आणि नाकात झिणझिण्या गेल्या. व्हिनेगर. धारदार, उघडं व्हिनेगर. रोझेटचं खरं झालं की काय? पाचवं असं बिघडलं आणि आपल्याला महिनाभर पत्ता नाही?

तिने डोळे मिटले, घोट जिभेखाली नेला आणि थांबली. खाली, फार खाली, कोणीतरी आतल्या खोलीतून हाक मारावी तशी चेरी होती. तिच्या मागे बियांचा कडसर बदामी वास, त्याच्या मागे लाकूड.

"पाच," ती म्हणाली. "पण हे वरचं आहे."

"वरचं म्हणजे? वरचं म्हणजे काय?"

"बूच काढून वरून उपसलंस. बिअरवर धरलेली यीस्टची साय मोडलीस. अरे, सगळी हवा ती सायच पिते, म्हणून तर खालची बिअर सुखात असते. सायीलगतचा थर आंबटढाण लागणारच! गेंटलाही हेच पाठवलंस ना?"

योरिसचे गाल रंगले. "पिंपाच्या खालच्या भोकातली खुंटी काढली की चिळकांडी उडते. शर्टावर डाग पडतात. डाग."

"शर्ट!" फिर्मिनला इतकं हसू आलं की खोकलाच लागला.

"जा, खुंटी काढ," झुल्मा म्हणाली.

योरिस पक्कड आणि नवी खुंटी घेऊन तळघरात उतरला. प्रस्तुत लेखिका, म्हणजे योरिसची धाकटी मुलगी, तिथेच टेबलावर बसून पाय हलवत होती. गेंटच्या कागदावर गोल शिक्का होता, आणि लेखिकेचा तेव्हा शिक्क्यांवर फार विश्वास.

"ते व्हिनेगरच निघणार," ती म्हणाली.

"लाव पैज," झुल्मा म्हणाली. "हरलीस तर त्या पिंपातल्या चेरीच्या बिया तू धुवायच्या. माझी कंबर शेकायला त्यांची उशी करायचीय."

"आणि जिंकले तर?"

"ते कशाला ठरवायचं?"

योरिस वर आला तो शर्टावर लाल नक्षी घेऊन. पेल्यातला घोट त्याने वाटेतच घेतला असावा, कारण त्याने पेला टेबलावर अगदी हळू ठेवला.

"मावशी, पाचवं राहू दे. आणि तूही राहा."

एकदाच म्हणाला.

सप्टेंबरात पाचवं पिंप बाटल्यांत उतरलं. तळाशी फिक्या पडलेल्या चेऱ्यांचा चिखल उरला, आणि बिया निघाल्या सहा बादल्या. अंगणातल्या नळाखाली लेखिकेची बोटं जांभळी होईस्तोवर घासून झालं, की झुल्मा शेजारी स्टूल टाकून बसायची, मोहरी लावलेलं चीज खात. मधेच एखादी बी उचलायची, तोंडात टाकायची, चोखायची आणि थुंकायची.

"हिच्यात अजून बिअर आहे," ती म्हणायची. "ही बादली परत धू."