खात्याची वाटी

लिहिणं हे माझ्यासारख्याचं काम नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तेवढ्यावर कोणी लेखक होत नाही. धिटाई माफ करा. पण नाशिकला ज्यांच्या खोलीत राहून मी शिकलो, त्या घरमालक काकांइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, आणि सरळपणाने लोकांना इतका छळणाराही पाहिला नाही.

कोणाकडून घेतलेलं अंगावर ठेवणं काकांना जमत नसे. शेजारून वाटीभर साखर आणली, की परत जाताना ती शिगोशीग भरलेली, वर एक बत्तासा. "अहो, राहू द्या की," म्हणत शेजारीण दार लोटायची, काका हलायचे नाहीत. पुढे पुढे शेजारणी आमच्या काकूंना साखर द्यायलाच घाबरू लागल्या.

हे साखरेवर थांबलं असतं तर बरं होतं. पण ऐंशी सालानंतर कधीतरी काकांनी गच्चीवर पवनचक्की उभारली. तेव्हा इंदिरानगर म्हणजे तुरळक घरं आणि मोकळं रान, वाऱ्याला अडवायला कोणी नाही. चक्कीला पट्ट्याने विहिरीवरची जुनी मोटर जोडलेली. वारा जोरात सुटला, की मोटर वीज खायची सोडून उलट तारेत ढकलायची, आणि मीटरची चकती मागे फिरायची. काका मीटरसमोर स्टूल टाकून बसत. "बघ रे, वीज खात्याची वाटी परत चालली!"

वारा असला, की वीज खात्याला पोचवायची म्हणून घरातले दिवे-पंखे बंद. वारा पडला, की खात्याची घ्यायची नाही म्हणून बंद. माझं बी.ए. रस्त्यावरच्या दिव्याखाली झालं. काकू म्हणायच्या, "सरकारला उजेड, आम्हाला कंदील!"

एकदा रीडिंग घेणारा मीटरपाशी बराच वेळ उभा राहिला. "काका, आकडा मागल्यापेक्षा खाली कसा? मीटरला काय केलं का?"

"वीज दिलीय. जमा धरा."

"आमच्याकडं घेतल्याचा रकाना हाय, काका. दिल्याचा नाय."

मग साहेब आले. त्यांनी चोरी लिहिली, तार कापली, मोटर उचलून नेली. गल्ली बघत होती. "अहो, चोर घेऊन जातो हो, देऊन नाही," एवढंच काका म्हणाले. त्यानंतर त्यांनी शेजारी कधी बत्तासा नेला नाही. साखर आणणंच सोडलं.

पुष्कळ वर्षांनी, नांदगावच्या शाळेतून निवृत्त व्हायला आलो असताना, पेपरात वाचलं: छपरावर उन्हाची वीज करा, उरलेली खात्याला द्या, बिलात जमा धरू. पेपर घेऊन तसाच नाशिकला गेलो. काका लेकीकडे खाटेवर होते, कान गेलेले. बातमी कानाशी ओरडून सांगितली. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"घेतात?"

"घेतात, काका. जमा धरतात."

लेकीच्या घराच्या छपरावर तसलं काहीच नव्हतं. डोक्यावर पंखा तेवढा फिरत होता. काकांनी त्याच्याकडे बोट केलं आणि लेकीला म्हणाले, "बंद कर गं. जाऊ दे खात्याला थोडी."