पाळीवरची दारं

“भिंती मालकाच्या असतील, दिवाणजी, पण ह्या दाराले हात लावाचा नाई,” हे मी तोवर चौथ्यांदा म्हटलं होतं. दिवाणजी पाचव्यांदा सांगत होते की अनसूयाबाई, बाजूला सरा. सुतार बिचारा पटाशी धरून एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. मी राबियाबीच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसले होते. पाठ तिच्या दाराला लावलेली, आणि उठायचा माझा काही विचार नव्हता.

भांडण जरा तसंच राहू द्या. ते कळायचं तर आधी आमची पाळ कळली पाहिजे. आणि पाळीचं एक सांगायला गेलं की चार किस्से मागून येतात. गवतातून चाललं की लुगड्याला कुसळं चिकटतात ना, तसे. एक काढावं तर दुसरं टोचतं. माझ्या लुगड्याची अजून निघून राहिली आहेत!

तर मंगरूळपीरच्या गावाबाहेर एक तळं होतं. त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एका ओळीत सोळा खोल्या, सगळ्या मातीच्या भिंतींच्या. ओल, डास, बेडूक, आणि पावसाळ्यात पाणी पायरीशी. म्हणून भाडं गावाच्या मानानं अगदीच कमी. सोळाही घरांत भाडेकरूच. स्वतःच्या घरात राहणारं तिथं कोणी असेल तर तळ्यातलं कासव.

तहसिलीचा चपराशी, कापसाच्या जिनातला फिटर, शाळेचा मास्तर, बांगड्या विकणारा, गाद्या भरणारी, सोडून दिलेली, पळून आलेली, सगळे तिथं. गावात खोली मागायला गेलं की पहिला सवाल जातीचा, दुसरा सवाल बरोबर पुरुष कोण. आमच्या पाळीवर सवाल एकच, “दार हाय का?”

कारण खोल्या बांधणारे थोरले मालक एवढे हात आखडून होते की त्यांनी लाकडाला पैसा लावलाच नाही. जमीन त्यांची, भिंती त्यांच्या. दार आणि छप्पर भाडेकरूनं आणायचं, जाताना घेऊन जायचं. नवा भाडेकरू यायचा तो डोक्यावर दार घेऊन, मागून गाडीत टिनं नाहीतर गवताच्या पेंढ्या. आणि एकदा का तुमचं दार लागलं, की खोली तुमची. चार महिने परगावी राहा, कोणी कुलूप घालणार नाही. ही रीत सगळ्या तालुक्याला माहीत होती.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापानं जावयाची नोकरी विचारली नाही, पगार विचारला नाही. पाळीवर जाऊन दार ठोकून पाहिलं आणि घरी येऊन माझ्या आईला म्हणाला, “सागाचं हाय. पोरगी देऊन टाकू.”

*

पाचव्या खोलीत मास्तर राहायला आले. शाळेनं टाकून दिलेला फळा, तेच त्यांचं दार. काळं कुळकुळीत. संध्याकाळी पाळीवरची पोरं समोर बसायची आणि मास्तर दारावर लिहून शिकवायचे. दार उघडलं की फळा भिंतीकडे तोंड करायचा, म्हणून आमच्याकडे दार बंद झालं की शाळा उघडायची.

मास्तरीणबाई आत कोंडलेल्या! एकदा एकोणतीसचा पाढा चालला होता. आतून कडी वाजली. मास्तर थांबेनात. पुन्हा वाजली. शेवटी बाई आतून म्हणाल्या, “अवं, मले पाण्याले जाचं हाय.”

मास्तर म्हणाले, तीसचा सोपा असतो, तेवढा होऊन जाऊ दे.

मी पोरांच्या मागे भांडी घासत बसायची. राख हातात, डोळे दारावर. शाळेची पायरी मी जन्मात चढले नाही. हे जे तुम्ही वाचता आहात ते मी त्या दारावर शिकले. ज्यांना दाखले मिरवायचे त्यांनी मिरवावेत. माझं अक्षर त्यांच्याहून वळणदार आहे.

*

गंगाराम फिटरला जिनाच्या जुन्या गोदामाचं दार मिळालं. दार कसलं, दरवाजाच! खोलीच्या तोंडापेक्षा हातभर रुंद. दार कापायला जीव होईना, आणि भिंत मालकाची, तिला हात लावायची सोय नाही. महिनाभर दार बाहेर टेकवून ठेवलेलं. आत जायचं तर नवराबायकोनं ते सरकवायचं, आत गेलं की पुन्हा ओढायचं.

एक दिवस दिवाणजी भाड्याला आले आणि पाहतात तो दार बसलेलं, भिंत हातभर कातरलेली. त्यांनी फिटरला हाक मारली. फिटर मागच्या मागे पसार. बायको सखू दारात येऊन उभी राहिली. तिला नववा महिना. कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मी मावत नव्हते.”

दिवाणजी असे लाजले की त्या दिवशी भाडं मागायचंही विसरले. पुढं सखू बाळंत झाली, पुन्हा काडीसारखी झाली. भिंत मात्र कातरलेलीच राहिली.

*

खानेसुमारी आली. म्हणजे सरकार माणसं मोजतं ती. एक माणूस गेरूचं मडकं घेऊन आला आणि घराघरावर नंबर टाकून गेला. कुठं टाकला? दारावर! आम्ही बघत होतो. त्यानं विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही.

काही दिवसांनी तो वही घेऊन मोजायला आला. सातपाशी गेला तर तीन नंबर. तीनपाशी गेला तर नंबरच नाही. मधल्या दिवसांत दोघांनी खोल्या बदलल्या होत्या आणि एक नवा आला होता. घामाघूम होऊन त्यानं मला विचारलं, बाई, बारा नंबरचं घर कुठं आहे?

मी बोट दाखवलं. आमचा बांगडीवाला बिऱ्हाड घेऊन इंझोरीला निघाला होता. गाडीच्या मागल्या बाजूला दार बांधलेलं, त्यावर गेरूनं ठळक बारा. “थे काय, चाल्लं,” मी म्हटलं.

तो पळाला. ओढ्यापाशी त्यानं गाडी गाठली, तिथंच माणसं मोजली. पण त्याच्या कागदात घराच्या पूर्वेला काय आणि पश्चिमेला काय असाही रकाना होता. सरकारी कागद, रिकामा ठेवून चालत नाही. माणूस इमानी. त्यानं लिहिलं, पूर्वेस बैल, पश्चिमेस धुरळा.

*

पलेगाच्या साली गाव रिकामं झालं. ज्यांची शेतं होती ते शेतात झोपड्या टाकून राहिले. थोरल्या मालकांच्या घरची माणसं जास्त, सोवळंओवळंही जास्त. त्यांना भिंती पाहिजेत. सोळावी खोली रिकामी होती. स्वतःच्या खोलीत स्वतःच बिऱ्हाडकरू होऊन आले!

आले खरे, वर गवताचं छप्परही घातलं, पण दार? त्यांच्या घराचं दार हलवायला आठ माणसं लागायची, आणि गावात आठ माणसं उरली नव्हती. पहिल्या दिवशी शाल टांगली. ती कुत्र्यानं ओढून नेली.

राबियाबी पाळीवरच्या आठव्या खोलीत राहायची. तिचा नवरा पिंजारी, तो तेव्हा होता. त्याच्या हातची धनुकली दिवसभर वाजायची. दोघंही अगदी कमी बोलायचे. तिचं दार दोन कवाडांचं. तिनं एक कवाड काढून मालकांकडे पाठवलं आणि आपल्याकडे अर्ध्या दारावर गोणपाट लावलं. मालकांनी कवाड आत घ्यायच्या आधी त्यावर गोमूत्र शिंपडलं. सगळ्या पाळीनं पाहिलं, तिनंही पाहिलं.

पलेग गेला. मालकांनी कवाड परत केलं, स्वतः आले सांगायला की उपकार झाले. राबियाबीनं तांब्या आणला आणि त्यांच्या देखत कवाडावर पाणी ओतलं, वरपासून खालपर्यंत.

मालकांनी विचारलं, हे कायले?

“मले वाटलं, ही रीत हाय,” ती म्हणाली. आणि मालकांना बसायला चटई टाकली.

*

आता या भांडणावर.

थोरले मालक गेले, पिंजारीही गेला. राबियाबी एकटी कापूस पिंजायची, गाद्या भरायची. गावात आणखी दोन जिनं निघाली, बाहेरून माणसं यायला लागली, आणि ज्या पाळीवर कोणी थुंकायला येत नव्हतं तिथल्या खोल्यांना एकदम भाव आला. धाकट्या मालकांच्या डोक्यात आलं की सोळाही खोल्यांना आपलं दार लावावं. दार मालकाचं म्हणजे कुलूप मालकाचं. मग आजच्या माणसाला काढलं आणि उद्याच्याला तिप्पट भाड्यानं घातलं, कोण विचारतो?

सुरुवात कुठून करायची? जी घरी नाही तिच्यापासून. राबियाबी लेकीच्या बाळंतपणाला कारंज्याला गेलेली. तिचं दार उतरलं की खोली गेली, आणि एकट्या बेवा बाईला गावात खोली कोण देणार होतं? जाताना ती मला म्हणाली होती, अनसूया, लक्ष ठेव. म्हणून मी उंबऱ्यावर.

दिवाणजींनी गोड लावून पाहिलं. नवी दारं, एका रंगाची, फुकट, तुम्हालाच आराम. मी म्हटलं, पिंजऱ्यालेही दार फुकटच असते, दिवाणजी. मग त्यांनी डोळे वटारले. मग माणूस पाठवून मालकांनाच बोलावलं. मालक बैलांच्या दमणीतून आले. मी त्यांना रीत सांगितली. ते म्हणाले, ती रीत माझ्या बापाची, माझी नाही. मी म्हटलं, मग खोल्या तरी कोणाच्या, त्याही बापाच्याच. असं आमचं चाललं! ऊन डोक्यावर आलं, घसा बसला, पण एक शब्द मी खाली पडू दिला नाही.

मला राग आला तो आमच्याच लोकांचा. फिटर म्हणतो, नवं दार काय वाईट आहे, माझं तर किडलं. दोघंतिघं मान डोलवत होते. मालकांनी ते पाहिलं आणि सुताराला खूण केली.

तेवढ्यात कारंज्याकडून येणारी गाडी थांबली आणि राबियाबी उतरली. डोक्यावर बोचकं. तिनं गर्दी पाहिली, दिवाणजींच्या गाडीतलं नवं कोरं दार पाहिलं. दिवाणजींचं ऐकून घेतलं, माझं ऐकून घेतलं. मग बोचकं खाली ठेवलं आणि मला म्हणाली, “ऊठ, अनसूया.”

मी उठले. वाटलं, आता ही बोलते. तिनं एक कवाड खाचेतून वर उचललं, काढलं, नेऊन निंबाला टेकवलं. मग दुसरं. मग फिटरची शिडी मागितली आणि छपरावर चढून टिनाच्या दोऱ्या सोडायला लागली.

दिवाणजी हसले. सुताराला म्हणाले, चल, समजदार बाई आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली! तीन तास मी कोणासाठी बसले होते? मी खालून ओरडले, “राबिया, भेली काय व तू?”

तिनं वरून टिन खाली सोडलं. धाडदिशी वाजलं.

मास्तर उठले. ते माझ्या आधी समजले, हे मला आजही आवडत नाही. ते आपल्या दाराशी गेले आणि फळा उतरवला. त्यावर पोरांचं अर्धं गणित तसंच होतं. मग सखूनं नवऱ्याकडे असं पाहिलं की फिटर आपला दरवाजा काढायला लागला. आता माझ्याही डोक्यात उजेड पडला. माझं सागाचं दार मी आणि माझ्या नवऱ्यानं उचललं. त्यानं चपराशाचा सरकारी पट्टा आधी सोडून ठेवला, तेवढा तो घाबरट. मग एकामागून एक. टिनं वाजत होती, गवताच्या पेंढ्या पडत होत्या, कोंबड्या ओरडत होत्या. सोळा चुली उघड्यावर आल्या. बायका आपापल्या दारांवर ऐसपैस बसल्या, जशा काही लग्नाला आल्या आहेत!

पाळीवर उरल्या त्या नुसत्या मातीच्या भिंती, वर आभाळ. मिरगाचा पाऊस चार दिवसांवर होता आणि तळ्यापलीकडे ढग येऊन बसले होते. उघड्या मातीच्या भिंतीचा चिखल व्हायला एक पाऊस पुरतो.

सगळ्यात आधी कळलं ते सुताराला. त्यानं पटाशी पिशवीत टाकली. मालकांनी गाडीतलं एक दार पाहिलं, मग सोळा भोकं पाहिली, मग भिंतींच्या कडेनं वर वर बघत त्यांची नजर ढगापाशी गेली. तोंडाला पाणी सुटतं तसं त्यांच्या कपाळाला सुटलं.

मला विचारलं असतं तर मी तासभर उत्तर दिलं असतं. पण त्यांनी तिला विचारलं, “हे काय मांडलं, राबिया?”

ती शिडीवरून उतरली. माझ्या माठातलं पाणी प्याली, पदरानं तोंड पुसलं.

“कायी नाई, मालक,” ती म्हणाली. “आमचं होतं थे आमी उचललं. आता तुमचं तुमी उचला.”