हिरवी ओळ

कुठल्या धंद्यात शिरणं सोपं आणि कुठल्या धंद्यात डोकं फुटेल, हे सांगायचा मला पगार मिळतो. माणूस नेटवर काही शोधतो तेव्हा कोणाचं पान सगळ्यात वर दिसावं, यावरून जी मारामारी चालते तिला आमच्याकडे एसईओ म्हणतात. नातेवाइकांना मी ‘कम्प्युटरमध्ये’ आहे एवढंच ठाऊक आहे आणि त्यांना तेवढं पुरतं.

आमचं ऑफिस अंधेरीला, इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्यात आहे. पूर्वी तिथे स्क्रू बनायचे. अजून दमट दिवसांत भिंतीला तेलाचा वास येतो. नवा क्लायंट आला की मी एक शीट बनवते. एका रकान्यात धंदा, दुसऱ्यात लोक कुठले शब्द टाकून तो शोधतात ते, आणि तिसऱ्यात त्या शब्दांवर आधीच किती जण टपून बसलेत याचा शंभरपैकी आकडा. आकडा मोठा असला की ओळ लाल करायची, मधला असला की पिवळी, छोटा असला की हिरवी. लाल म्हणजे नादाला लागू नका. हिरवी म्हणजे या, बसा.

इतकी वर्षं रंग भरून माझं एक मत झालंय. जिथे माणूस अडलेला असतो तिथे ओळ लाल असते. कर्ज लाल. घटस्फोटाचा वकील लाल. मूल होत नाही, केस गळतात, मूतखडा झालाय, हे सगळं लालभडक. दार ओढलं गेलं आणि चावी आत राहिली, असा माणूस जिन्यात उभा राहून मोबाइलवर दोन शब्द टाइप करतो, त्या दोन शब्दांसाठी लोक एकमेकांच्या उरावर बसतात. एसी दुरुस्ती थंडीत पिवळी असते, एप्रिल आला की लाल होते. केक, शिकवण्या, जेवणाचे डबे पिवळ्यात. आणि शीटच्या तळाशी, जिथे कोणी स्क्रोल करून जात नाही, तिथे हिरव्या ओळी: कल्हई, गाद्या पिंजणं, पेटीचे सूर लावणं, शिलाई मशीन दुरुस्ती.

शिलाई मशीन दुरुस्ती हा माझ्या बाबांचा धंदा.

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरचे बरेच जण गावी मालवणकडे परत गेले. बाबा दहिसरला राहिले आणि हातातली कला शिलाई मशीनवर आणली. खाकी कापडाची पिशवी, तिच्यात पेचकस, चोचीची तेलाची डबी, सुया, पायमशीनचे चामडी पट्टे, दोन-चार बॉबिन केस. ब्लाउज शिवणाऱ्या बायका, आल्टरवाले, शाळेची दप्तरं शिवणारे, अशी सगळी त्यांची गिऱ्हाइकं. मशीन उघडण्याआधी ते कान लावून एकदा चालवून बघायचे. मग म्हणायचे, ‘गुंता खाली दिसतो, पण चूक वर असते.’ म्हणजे कापडाखाली दोऱ्याचा गुंता झाला की बायका खालची बॉबिन काढून झटापट करत बसतात, आणि दोष असतो वरचा दोरा नीट न ओवल्याचा. हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं, की आमच्या घरचीच म्हण असल्यासारखं वाटायचं.

मी हे काम शिकले ते बाबांच्याच जिवावर. क्लासमध्ये सांगितलं होतं की एखादा खरा धंदा घ्या आणि त्याचं पान वर आणून दाखवा. मला दुसरा कोण देणार धंदा? मी बाबांचं एक पान बनवलं. मशीनवर वाकलेल्या बाबांचा फोटो, फोन नंबर, दहिसर, बोरिवली, कांदिवली अशी नावं आणि खाली चार ओळी. पंधरा दिवसांत ते सगळ्यात वर आलं. बाबांनी मोबाइल चाळीत घरोघर नेऊन दाखवला. म्हणाले, ‘माझ्या चेडवान माका पयल्या नंबरार बसवल्यान.’ चेडू म्हणजे मुलगी.

आता खरं काय होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्या शब्दांवर दुसरं कोणी नव्हतंच. वासरांत लंगडी गाय शहाणी, त्यातला तो पहिला नंबर. पण बाबांच्या तोंडावरचा आनंद बघून मी गप्प बसले, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते कौतुक आवडलं.

फोन मात्र खरे यायला लागले. कांदिवलीहून, मीरा रोडहून, एकदा तर मुलुंडहून. एवढ्या लांब कशाला जाता म्हटलं, तर बाबा म्हणाले, ‘बाईची लग्नाची ऑर्डर अडकलीय गो.’ त्यांची एक समजूत होऊन बसली, की हा पहिला नंबर मी रोज सकाळी लावते, सोसायटीत कोणीतरी पाण्याचा पंप लावतं तसा. मी ऑफिसला निघाले की दारातून विचारायचे, ‘आज लावलंस ना नंबर?’ मी चपला घालता घालता हो म्हणायची. ते समाधानाने पिशवी उचलायचे.

खंडेनवमीला आमच्याकडे पाटावर हत्यारं मांडतात. बाबा आदल्या दिवशी एकेक पेचकस रॉकेलने पुसून ठेवायचे. ज्या वर्षी त्यांचं पान वर आलं त्या वर्षी त्यांनी माझा लॅपटॉपही पाटावर ठेवला, तेलाच्या डबीच्या शेजारी. कुंकू लावताना विचारलं, ‘आत जाणार नाय ना काय?’ आणि मग जपून झाकणावर बोट टेकवलं. तेव्हापासून दरवर्षी तो तिथेच असायचा.

मग एक कंपनी आली. घरपोच दुरुस्तीवाली, ॲप असलेली. त्यांना अंधेरीपासून दहिसरपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत प्रत्येक दुरुस्तीच्या कामात वर यायचं होतं. आमच्या ऑफिसला एवढा मोठा क्लायंट पहिल्यांदाच मिळाला होता आणि सरांनी मला टीमची प्रमुख केलं होतं. मी शीट बनवली. गीझर, फ्रिज, आरओ, मिक्सर. आकडे भरत, रंग देत खाली येत गेले आणि शिलाई मशीनच्या ओळीवर थांबले.

ती ओळ मी उडवली असती तर कोणाला कळलंही नसतं. सर शीटच्या तळापर्यंत कधी जात नाहीत. पण माझ्या शीटमध्ये कधी खोटं निघालं नव्हतं आणि त्याचा मला भारी अभिमान. मनाशी म्हटलं, बाबांचं काम तोंडी ओळखीवर चालतं, त्यांना काय फरक पडणार आहे. आणि ओळ हिरवी केली.

मीटिंगमध्ये सर या वेळी नेमके तळाशी गेले. ‘लालवर वर्षभर लढत बसू. आधी हिरव्या उचला ना यार, महिन्याभरात रिझल्ट दिसतो, क्लायंट खूश.’ त्यांचं काही चुकलं नव्हतं. कोणीही जाणता माणूस हेच सांगेल. मीही नव्या पोरांना हेच शिकवते.

कंपनीला मराठीतही पानं हवी होती, कारण मराठीत गर्दी आणखी कमी. आणि पान वर यायचं तर त्यात कामाची माहिती लागते, नुसता भरताड मजकूर चालत नाही. एका रविवारी सकाळी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बाबांना विचारलं, ‘बाबा, मशीन दोरा सारखा का तोडतं?’

त्यांनी पेपर बाजूला ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या कामातलं काही विचारत होते. ते उठून आईचं पायमशीन ओढून मधे घेऊन आले, वरची पट्टी उघडली आणि सुरुवात केली. सुई उलटी बसली तर काय होतं, पट्टा सैल झालाय हे पायाला कसं कळतं, तेल कुठे द्यायचं आणि कुठे चुकूनही द्यायचं नाही. आईने चहा दोनदा गरम केला. मी एकेक शब्द टाइप करत होते. मधे थांबून त्यांनी विचारलं, ‘माझ्या पानावर घालतेस?’ मी ‘बघू’ म्हटलं. हा ‘बघू’ मला अजून सोडत नाही.

कंपनीचं ते पान इतकं चांगलं झालं की सरांनी ते सगळ्यांना उघडून दाखवलं. महिन्याभरात दहिसरपासून अंधेरीपर्यंत कुठेही शोधा, कंपनी वर. बाबा आधी दुसरे झाले, मग कंपनीची बोरिवलीची, कांदिवलीची, मालाडची पानं एकाखाली एक बसली आणि बाबा घसरत घसरत शोधाच्या पहिल्या पानावरूनच गेले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आजी म्हणायची. मला वाटायचं, ते भाऊबंदकीबद्दल आहे.

फोन कमी झाले. आधी लांबचे, मग जवळचेही. ज्या बाया तोंडी ओळखीच्या म्हणून मी गृहीत धरल्या होत्या, त्यांच्या मुलींनी ॲप घेतलं. आई म्हणाली, फोनच बिघडला असेल, बघ जरा. मी बघितल्यासारखं केलं. बाबा दारातून विचारायचे, ‘आज नंबर लावलास?’ मी हो म्हणायची. एकदा म्हणाले, ‘मग लागत कसा नाय?’ आवाजात राग नव्हता. मशीनचा दोष शोधताना बोलायचे तसं बोलले.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. डबा खाता खाता त्यांच्या पानात भर घातली, नवे फोटो टाकले, जुन्या गिऱ्हाइकांना दोन शब्द लिहायला सांगितले. पण समोर मीच होते. दिवसभर पगारावर जे बांधायचं ते डब्याच्या अर्ध्या तासात पाडता येत नाही. पुढल्या वेळी शीट उघडली तेव्हा शिलाई मशीनच्या ओळीचा आकडा वाढलेला होता. मला ती पिवळी करावी लागली.

मग त्यांनी विचारणं सोडलं. सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीशी बसायचे, पिशवी पायाशी. अकरापर्यंत फोन आला नाही की शर्ट बदलायचे. मी सुट्टीच्या दिवशी हे बघायची आणि काहीतरी काम काढून आतल्या खोलीत जायची. मला माझी लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी चिडते, म्हणून आईवर ओरडायची.

एकदा बाबांनीच विषय काढला. ‘अवघड धंदा कुठला गो? जिथे कोणी कोणाला हलवू शकत नाय असा?’ मी कर्ज, वकील, डॉक्टर अशी यादी सांगितली. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे माणूस रडत येतो तिथेच दुकानं जास्त.’ मला हे समजायला इतकी वर्षं लागली होती.

या वर्षीच्या खंडेनवमीला मी उठून बाहेर आले, तर पाट मांडलेला होता. झेंडूची फुलं, हळदकुंकू, निरांजन. पाटावर एकटा लॅपटॉप.

‘पिशवी कुठाय?’ मी विचारलं.

‘माळ्यावर. वापरात नाय त्याची पूजा कशाला?’ ते वात वळत होते.

मी तिथेच खाली बसले. गेले कित्येक महिने मनात जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. ‘बाबा, तुमचं काम मी घालवलं,’ एवढंच म्हणाले. मग कंपनीचं सांगितलं, हिरव्या ओळीचं सांगितलं, त्या रविवारचं सांगितलं. आई ओट्याशी हात पुसत उभी राहिली.

बाबांनी वात तुपात बुडवली. ‘माहीत हाय मला,’ ते म्हणाले. ‘मी रोज बघायचो ना नंबर. वर कोण बसलाय म्हणून ते पान उघडलं. वाचलं. गुंता खाली दिसतो, पण चूक वर असते. असं दुसरं कोण बोलतं?’

म्हणजे इतके दिवस ते सगळं जाणून खिडकीशी बसत होते. मला रडू आवरेना. मी म्हटलं, मी ती ओळ उडवायला हवी होती.

‘तू नसतं केलंस तर दुसऱ्या कोणी केलं असतं,’ बाबा म्हणाले. मग वात निरांजनात ठेवली. ‘फक्त त्याला मी चार शिव्या तरी घातल्या असत्या गो.’

त्यांनी निरांजन लावलं, लॅपटॉपच्या झाकणाला नेहमीसारखं जपून कुंकू लावलं, एक झेंडू ठेवला. अक्षतांची वाटी माझ्यापुढे केली. मी चिमूटभर घेतल्या आणि टाकल्या.