कोंड्यावरचा पंजा

लग्न होऊन आली तेवापासून आमची हौसा बसलेली कोणी पाहिली असेल, तर त्यानं येऊन मला सांगावं. माझी धाकटी जाऊ ती, धाऊभावजींची बायको. धसईच्या बाजारापासून कोसभर आत आमचं घर. सत्तावन्न साली ती शहापूरकडून आली नि आली तशी उभीच. जेवायला बसली तरी एक गुडघा वर, उठायच्या तयारीत. संध्याकाळी आमी पडवीत टेकलो की ही अंगणात येरझाऱ्या घालायची. मी ओरडायची, "बस ना गो जरा! तुला बघूनच मला घेरी येते." तर म्हणायची, "बाय, बसलं की पोटऱ्यांतून मुंग्या चालतात. चाललं की जातात." मला वाटायचं, सासूसमोर कामाचा देखावा करते. मी तशीच आहे. कुणाबद्दलही पहिल्यांदा माझ्या मनात वाईटच येतं.

पाच वर्षांत दोनदा तिला दिवस गेले नि दोन्ही वेळा पोट पडलं. तोंड पिवळट झालं, ओठ पांढरे. लावणीला चिखलात उतरली की भातरोपांचे चार चूड लावून धापा टाकायची. आमी सगळ्या जणी म्हणायचो, आळशी आहे.

बासष्ट सालच्या उन्हाळ्यात घरातले तांदूळ कमी होऊ लागले. तांदळाची आमची एक लाकडी पेटी, तिला ना कडी ना कुलूप. सासूचं नाव हिरीबाय, आमी आत्याबाय म्हणायचो. ती दर दोन दिवसांनी पेटीत बघायची नि मग माझ्याकडे बघायची. थोरली सून मी, रांधणारी मी, म्हणजे चोर पण मीच! "बांगड्यांपायी कासारणीला घालतेस काय गो तांदूळ?" असं एकदा तोंडावर विचारलंन. माझा नुसता जळफळाट झाला. मग आमच्याकडच्या बायका करतात तेच मी केलं. पेटीतले तांदूळ हातानं सपाट केले, वर मूठभर बारीक कोंडा पसरला नि त्यावर पंजा दाबून ठेवला. कोंड्यावर बोट न् बोट उमटतं. कोणी मूठ मारली की पंजा मोडतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाराआड उभी राहिले. हौसा आली. पेटी उघडून तिनं मूठ भरली नि तोंडात टाकली. कच्चे तांदूळ हो! करकर चावत होती, डोळे मिटून. नि खोटं कशाला बोलू, पाच वर्षांत पहिल्यांदा मी तिला एका जागी स्वस्थ उभी बघितली. पाय हलत नव्हते की हात हलत नव्हते.

"हौसा!" मी म्हटलं.

ती अशी दचकली की तोंडातले तांदूळ छातीवर सांडले. "बाय, पाया पडते, कोणाला सांगू नको."

"भात कमी पडतो काय तुला घरात?"

"भाताचं नाय गो. भातानं पोट भरतं, पण हे भरत नाय. पोट मागतच नाय, डोक्यात कोणीतरी मागतं. सारखं मागतं. चार दाणे चावले की घटकाभर गप्प बसतं, मग पुन्हा सुरू. हात तोडून टाकावा वाटतो मला." असं म्हणून ती पदरात तोंड घालून रडली.

मी शब्द दिला, कोणाला सांगणार नाय. दिला नि पंधरा दिवसांत मोडला.

आमच्या नणंदेचं, लहानीचं लग्न होतं. मांडवात पाचपन्नास पाव्हणे. अक्षता वाटल्या, मंगलाष्टकं सुरू झाली. हौसा माझ्या शेजारी उभी, एका पायानं दुसरा पाय घासत होती. तिची मूठ वर जाताना मी बघितली, म्हटलं अक्षता टाकते. पुढच्या वेळेला सगळ्यांचे हात उडाले नि हिचा हात रिकामा, ओठांना कुंकू. नवऱ्यामुलाची आत्या पलीकडेच होती. ती किंचाळली, "अगं बाई, अक्षता खाल्ल्या हिनं!"

सगळा मांडव वळला. आत्याबायनं मात्र माझ्याकडे बघितलं, पेटी उघडल्यावर बघायची तशी. मग माझी जीभ सुटली.

"माझ्याकडे काय बघता? घरातले पण हीच खाते!"

झालं. तेवढं एकच वाक्य. कोणी म्हणालं हावरं भूत लागलंय, कोणी म्हणालं पोटातली दोन पण हिनंच खाल्ली असतील. धाऊभावजी मान खाली घालून उभे. पाव्हणे गेल्यावर आत्याबायनं सांगून टाकलं, "हिला माहेरी नेऊन सोड. धाऊला दुसरी बघू." माहेर तरी कसलं! आईबाप मेलेले, शहापूरजवळ भाऊ-भावजय, त्यांच्याच पोरांना दोन वेळचं मिळायची मारामार. तिथं हिला कोण ठेवणार? नि नेऊन सोडायचं काम माझ्याच गळ्यात. निघताना आत्याबायनं तिची ओटी भरली नाय. ओटी न भरता सून निघाली म्हणजे काय, ते कोणी सांगायला लागत नाय.

धसईहून एसटीनं मुरबाडला आलो. शहापूरची गाडी दुपारची होती. स्टँडवर हौसाच्या येरझाऱ्या सुरू. मी तोंड फिरवून बसले होते. लाज वाटत होती, नि लाज वाटली की मला राग येतो. तेवढ्यात धप्प झालं. बघते तर ही आडवी. दोघा हमालांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेली.

डॉक्टर तरणा होता, पुण्याकडचा असावा. त्यानं तिची खालची पापणी बोटानं ओढली नि मला म्हणाला, "बघा. इथं लाल असायला हवं." आत पांढरं होतं, धुतलेल्या फडक्यासारखं. मग तो हौसाला म्हणाला, "काय खातेस? माती, राख, खडू, कच्चे तांदूळ?"

जसं भाजी कुठली केलीस विचारावं तसं विचारलंन. हौसानं ओठ घट्ट मिटले नि माझ्याकडे बघितलं. डोळ्यांनी विनवत होती, बाय, इथं तरी नको. पण मी सांगितलं. सगळं सांगितलं. तांदूळ, अक्षता, पायातल्या मुंग्या, पडलेली दोन पोटं.

डॉक्टर हसला नाय. म्हणाला, "हिच्या रक्तात लोह राहिलेलं नाही. चिखलात अनवाणी राबता, पायातून जंत शिरतात नि आतडं धरून रक्त पितात. लोह संपलं की मेंदूची तगमग होते. काहीतरी हवंय एवढं त्याला कळतं, काय ते कळत नाही. मग तो हाताला भलतीकडे पाठवतो. चावताना बरं वाटतं, म्हणून पुन्हा पाठवतो. कुणाला मातीकडे, कुणाला तांदळाकडे."

"म्हणजे मी हावरी नाय?" हौसानं विचारलं.

"तू आजारी आहेस."

बाई गो, ती अशी रडली! मी पण रडले, मग तिच्यावरच खेकसले, "पुरे आता, लोक बघतात." जंतांचं औषध तिथंच पाजलं नि लोहाच्या गोळ्यांची पुडी दिली. पंधरा दिवसांत ओढ कमी होईल म्हणाला.

बाहेर शहापूरची गाडी लागली होती. कंडक्टर ओरडत होता. हौसा गाठोडं घेऊन मुकाट तिकडे निघाली. मी तिचं मनगट धरलं नि धसईच्या गाडीत नेऊन बसवलं. मीच सांगून घालवली होती, आणायची कोणी?

आत्याबाय दारातच उभी. "परत आणलीस?" मी डॉक्टरचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गोळीनं हाव जाते काय गो?"

"नाय गेली तर हिच्याबरोबर मी पण जाते!" असं मी बोलून गेले. सासूसमोर आवाज चढवायची माझी पहिलीच वेळ.

 आत्याबाय आत गेली, पेटी उघडली, तांदूळ सपाट केले, कोंडा पसरला नि स्वतःचा पंजा दाबला. तिची करंगळी भात कांडताना मुसळाखाली सापडून वाकडी झालेली, ती पण उमटली. म्हणाली, "रोज रांधायला तुला लागतील तेवढे तांदूळ मी काढून देईन नि पुन्हा पंजा दाबीन. पेटीला हात लावायचा नाय. अमावास्येपर्यंत बघते. पंजा मोडलेला दिसला की पहिल्या गाडीनं शहापूर."

ते दिवस कसे काढले ते आमचं आमाला ठाऊक. हौसा गोळी घ्यायची नि कामाला जुंपून घ्यायची. अंगण तीनतीनदा झाडायची, घासलेली भांडी पुन्हा घासायची. हात रिकामा राहिला की लुगड्याचा काठ चावायची. तिची तगमग मला पण लागली. जेवता जेवता उठून मी पेटी बघून यायची.

सहाव्या दिवशी सकाळी आत्याबाय विहिरीवर गेली होती. मी झाकण उचललं. पंजा मोडलेला. मधोमध मुठीचा खड्डा.

मागे हौसा उभी होती, राखेसारखं तोंड करून. "बाय, हात गेला गो. मी नव्हते जात."

विहिरीकडून हंड्याचा आवाज येत होता.  मी तांदूळ सपाट केले, कोंडा पसरला, पंजा दाबला नि झाकण टाकलं. आत्याबाय आली, हंडा उतरवला, तडक पेटीपाशी गेली. झाकण उघडून बघत राहिली.  मग तिनं झाकण लावलं नि म्हणाली, "चूल पेटवा."

त्यानंतर पंजा मोडला नाय. दहाव्या दिवशी हौसा सूप घेऊन माझ्याकडे आली. "बाय, मी सगळे तांदूळ निवडले. नि काय झालं माहीत आहे? काहीच नाय झालं." मग पडवीत बसली, दोन्ही मांड्या टेकून. अमावास्या कधी आली नि गेली, कोणी नाव काढलं नाय.

पुढच्या वर्षी तिला मंगळी झाली, मग कान्हा. पुढं पुढं गावातल्या लग्नांत भाताची पातेली हौसाच्याच ताब्यात असायची. मंगळी शहापूरच्या दवाखान्यात नर्स झाली. ती मला सांगते, "मोठी आई, मेंदूत एक रस असतो, हवंसं वाटायला लावतो, मिळालं की समाधान देतो, नि पाय पण तोच शांत ठेवतो. तो बनायला लोह लागतं." एवढंसं लोह! त्यापायी एक बाई घरातून निघाली होती.

आता एक राहिलं. अडुसष्ट साली आत्याबाय अंथरुणाला खिळली. दोन पावलं टाकली की दम लागायचा. आमी म्हणायचो, वय झालं. एके दिवशी मी पेज भरवत होते, तर तिनं माझा हात धरला नि बोटं उलगडून बघत बसली.

"तुझी करंगळी सरळ आहे," ती म्हणाली.

कोंड्यावर मी दाबलेला पंजा मला आठवला. "आत्याबाय, तेवाच का बोलला नाय?"

"लहानी पोटात होती तेवा मी चुलीची माती खायची," ती म्हणाली. "भिंतीचे पोपडे काढून खायची. सासूनं पकडलं नि पळी तापवून डाग दिला." तिनं लुगडं सारून दंडावरची खूण दाखवली. इतकी वर्षं तिच्याबरोबर राबले, ती चुलीपाशी चुकून भाजल्याची समजत होते मी. "माझी पापणी कोणी ओढून बघितली नाय गो."

मी वाटी खाली ठेवली. वाकून बोटानं तिची पापणी खाली ओढली. आत पांढरं होतं.