मॅचिंग सेंटरचे मालक

साडी पुढे केली की नारायण पेठेतल्या मॅचिंग सेंटरचे मालक म्हणतात, "रंग तुम्ही सांगा." मग गठ्ठ्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून ब्लाउजपीस काढतात. त्यांना लाल-हिरवा वेगळा दिसत नाही.

मी त्यांच्या मुलीसाठी स्थळ आणलं. पोहे संपायच्या आत ते मुलाच्या आईला म्हणाले, "माझा हा दोष मुलीकडे गेलाय. तिला त्रास नाही, पण तिला मुलगा झाला तर त्याच्यात उतरण्याची निम्मी शक्यता."

पाहुणे गेल्यावर मी चिडले. "अहो, आजच सांगायचं अडलं होतं?"

"माझ्या आईला कुणी सांगितलं नव्हतं, ताई. तांबडी पानं रंगवली म्हणून मी शाळेत मार खाल्ला, घरीही."

मुलाकडच्यांचा नकार आला. मी दुसरं स्थळ बघितलंय. या वेळी फोनवर आधी मीच सांगून टाकलं.